‘मूळ गाव’चा रकाना

आपल्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी मार्च महिन्यात समितीने प्रत्येक घरी एक फॉर्म दिला, तो आठवतो ना? सभासदाचं नाव, सदनिका क्रमांक, कुटुंबातली माणसं, व्यवसाय आणि शेवटी ‘मूळ गाव’. बहुतेकांनी तो दोन मिनिटांत भरून वॉचमनकडे दिला. आमचा फॉर्म मात्र सर्वांत शेवटी आला. सेक्रेटरींनी तीन वेळा इंटरकॉम केला, एकदा लिफ्टमध्ये अडवलंही. मी दरवेळी म्हणायचो, “एक रकाना राहिलाय.” त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. हा लेख त्या एका रकान्याचा खुलासा आहे.

आम्ही चार पिढ्या मुंबईचे. पणजोबा गिरणीत लागले, आजोबा गिरणीत होते, बाबा सरकारी नोकरीत, मी बँकेत. लालबागच्या चाळीत बाबांचं आणि माझंही लहानपण गेलं, पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे इथे राहायला आलो. कोणी विचारलं की आम्ही ‘सातारकडचे’ एवढंच सांगायचो. सातारकडचे म्हणजे नेमके कुठले, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. जमीन नाही, घर नाही, जत्रेचं आमंत्रण नाही. चाळीतली बाकीची बिऱ्हाडं मे महिन्यात एसटीने गावी जायची तेव्हा आमच्या खोलीला कुलूप लागत नसे.

तशी कागदपत्रं होती. पण पणजोबा जन्मले कुठे याबद्दल प्रत्येक कागद वेगळं बोलत होता.

पहिला कागद १९४९ सालचा, गिरणीचा नोकरीचा दाखला. त्यावर ‘मु. वडगाव, ता. कराड, जि. सातारा’. भरती १९११, भरतीच्या वेळी वय १६. म्हणजे जन्म १८९५ चा.

दुसरा पुरावा म्हणजे माझ्या आत्याच्या लग्नाच्या वेळची वही. देवक, कुलदैवत, आहेर यांच्या नोंदींत आजोबांच्या अक्षरात एक ओळ होती : ‘मूळपीठ औंध.’ त्यावरून आत्या ठामपणे सांगायची, “आपण औंधचे. संस्थानातली माणसं आपण.”

तिसरा पुरावा कागदावर नव्हता. पणजोबा शपथ घ्यायचे ती ‘मसूरच्या मारुतीची आण’ अशी. बाबांनी ती लहानपणी स्वतः ऐकली होती. माणूस सहसा आपल्याच गावच्या देवाची आण घेतो. म्हणजे मसूर?

चौथा पुरावा चुलत आजोबांनी काढलेली वंशावळ. मोठ्या कागदावर झाड काढलेलं, बुंध्यात पणजोबांच्या आजोबांचं नाव आणि वरच्या फांद्यांवर फक्त पुरुष. आणि घरात सांगत आलेली एक गोष्ट : “आबा प्लेगच्या साली झोपडीत जन्मले.” मुंबईत प्लेग आला तो १८९६ च्या सप्टेंबरात. तिथून तो पुणे, सातारकडे पसरला, तेव्हा लोक गाव रिकामं करून रानात झोपड्या घालून राहत. मग १८९५ चा जन्म कसा जुळायचा?

१९७४ साली मी दहा वर्षांचा असताना बाबा मला घेऊन कराडला गेले. गिरणीचा दाखला त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. कराड तालुक्यात वडगाव आहे, त्याला वडगाव हवेली म्हणतात. तिथल्या जाणत्या माणसांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला, घराणी मोजली, दोन-तीन म्हाताऱ्यांना बोलावून विचारलं. शेवटी एक आजोबा हळू आवाजात म्हणाले, “पाव्हणं, तुमचं घराणं हितलं न्हाई. असतं तर आमी न्हाई म्हणलो नसतो.” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण परतीच्या एसटीत बाबा मुंबई येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सोबत नेलेला नारळ त्यांनी परत आणला होता. तो आईने दुसऱ्या दिवशी फोडला. त्यानंतर घरात गावाचा विषय बंद झाला.

आता बाबा ८६ वर्षांचे आहेत. बी विंगच्या बाकावर संध्याकाळी बसलेले तुम्ही त्यांना पाहता. अलीकडे सकाळचं त्यांना संध्याकाळी आठवत नाही, पण ती एसटी आठवते. समितीचा फॉर्म टेबलावर होता. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, ‘मूळ गाव’वर बोट ठेवलं आणि विचारलं, “इथं काय लिहिणार आहेस?” मी म्हटलं, “सातारा लिहू.” ते म्हणाले, “सातारा जिल्हा आहे. गाव विचारलंय.”

निवृत्त माणसाला एवढं कारण पुरतं.

पहिल्यांदा मी औंध गाठलं. औंध हे १९४८ पर्यंत पंतप्रतिनिधींचं संस्थान होतं. यमाईचं देऊळ डोंगरावर आहे. तिथे एका गुरुजींना आत्याची वही दाखवली. ते हसले आणि म्हणाले, “अहो, मूळपीठ हे या डोंगराचं नाव. देवीचं मूळ ठाणं ते. सातारकडच्या कितीतरी घराण्यांची यमाई कुलस्वामिनी आहे. तुमच्या आजोबांनी कुलदैवत लिहिलंय, गाव नाही.” आजोबांनी बरोबरच लिहिलं होतं, आम्ही ते चुकीचं वाचलं. ‘मूळ’ शब्द दिसला की पुढे गावच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग नाशिक. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात हे पुष्कळांना माहीत आहे. जो कोणी अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा सिंहस्थात स्नानाला येतो, त्याचं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं अशी नोंद त्या वहीत होते आणि खाली येणाऱ्याची सही किंवा अंगठा असतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललेलं आहे. पण गंमत अशी की या वह्या गावावार लावलेल्या असतात. उपाध्यायांचा पहिला प्रश्न असतो, “गाव कोणतं?” ज्याला गावच शोधायचंय त्याने काय सांगायचं? मी म्हटलं, “वडगाव.” ते म्हणाले, “कुठलं वडगाव? महाराष्ट्रात वडगावं काय कमी आहेत?”

कराडच्या वडगावचं बाड निघालं. आमचं आडनाव त्यात नव्हतं. बाबांना १९७४ साली मिळालं तेच उत्तर मला पुन्हा मिळालं. मी पिशवी उचलली. तेवढ्यात उपाध्यायांनीच विचारलं, “कुलदैवत कोणतं म्हणालात?” यमाई, औंध. “मग खटाव तालुक्यातलं वडगाव बघू या की. ते औंधच्या बाजूला पडतं.”

दुसरं बाड आलं. खटाव तालुक्यातलं हे वडगाव म्हणजे वडगाव जयराम स्वामी. समर्थांच्या काळातले जयराम स्वामी, त्यांचा इथे मठ आहे. आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर जो मोर्चा गेला, ज्यावर गोळीबार झाला, तो याच गावातून निघाला होता. त्या बाडात १९२० सालच्या सिंहस्थातलं एक पान होतं. पणजोबांचं नाव. त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं नाव, तेच जे चुलत आजोबांच्या झाडाच्या बुंध्यात आहे. ‘हल्ली मुक्काम मुंबई, गिरणीत.’ आणि खाली मोडीत थरथरती सही.

पण मी खिळून राहिलो ते त्याच्या पुढच्या ओळीमुळे. तीर्थश्राद्धात वडिलांकडच्या पिढ्यांबरोबर आईकडच्या तीन पिढ्यांचीही नावं घ्यावी लागतात. मातामह म्हणजे आईचे वडील, मग त्यांचे वडील, मग त्यांचे. उपाध्यायांनी पणजोबांना ती विचारली असणार आणि त्यांनी ती सांगितली. आईचं नाव. आणि आईच्या वडिलांच्या नावापुढे, ‘मु. मसूर, ता. कराड’.

पणजोबांच्या आईचं नाव आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. वंशावळीच्या झाडावर ती नव्हतीच. खापरपणजी म्हणजे फक्त एक नातं होतं, माणूस नव्हता. शंभर वर्षांपूर्वी एका गिरणी कामगाराने गोदावरीच्या काठावर बसून तिचं नाव घेतलं, म्हणून ते उरलं.

वडगावात भाऊकी भेटली. गावकऱ्यांनी हेळव्याला फोन लावला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : हेळवी ही वंशावळी सांगणारी मंडळी. पूर्वी बैलावर बसून सुगीनंतर कर्नाटकाकडून सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत यायची, दारात उभी राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायची, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत चढवायची आणि धान्य घेऊन पुढे जायची. अजूनही काही येतात. आमच्या घराण्याची वही ज्यांच्याकडे आहे ते महिन्याभराने आले. पणजोबांच्या नावापुढे त्यांच्या वहीत दोनच शब्द होते : ‘मुंबईस गेला.’ तिथे ओळ संपत होती. भावांच्या ओळी खाली चार-चार पिढ्या उतरल्या होत्या, आमची तिथेच तुटली होती. हेळव्यांनी मला विचारलं, “पुढची सांगा.” मी आजोबा, बाबा, मी, माझी मुलगी अशी नावं सांगितली. मुलीचं नावही घ्या म्हणून हट्ट धरला, त्यांनी घेतलं.

त्यांनी आणखी एक सांगितलं : वडगावात येण्याआधी घराणं माणदेशातून आलं. म्हणजे वडगाव तरी मूळ कसं? ज्या पिढीपाशी आपण थांबू, तिच्या गावाला आपण मूळ गाव म्हणतो.

भाऊकीतल्या पुरुषांचं म्हणणं एकच होतं : “आबा हितलेच. हितंच जन्मले.” हेळव्याची वही पुरावा म्हणून पुढे केली जात होती. पण त्या वहीत जन्म कुठे झाला हे लिहिलेलंच नाही, घराणं कुठलं ते लिहिलंय. मी मसूरचं नाव काढलं तेव्हा चुलीपाशी बसलेल्या एका चुलत काकू, नव्वदीच्या असतील, आतूनच म्हणाल्या, “आवं, पयलं पोर ना त्ये? पयलटकरीन सासरी कशी बाळतीन हुईल? म्हायेरीच झालं आसंल.”

ओसरीवर सगळे गप्प झाले. चार कागद आणि पन्नास वर्षं आम्ही जे शोधत होतो, ते काकूंनी चुलीसमोरून एका वाक्यात सांगितलं.

आता फक्त खातरजमा उरली होती. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पूर्वी ज्या नोंदवहीत होत तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. महसुली भाषेत गाव नमुना नंबर १४. जुनी पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. रीतसर अर्ज केला, तीन फेऱ्या झाल्या, एक मोडी जाणणारे निवृत्त शिक्षक सोबत घेतले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि लेखणी न उचलता लिहिलेलं असल्याने शब्द कुठे तुटतो ते सवयीशिवाय कळत नाही. मसूरच्या पुस्तकातलं १८९८ सालचं पान कडेला वाळवीने खाल्लेलं, पण मधली ओळ शाबूत होती. मुलगा. बापाचं नाव, ‘राहणार वडगाव, ता. खटाव’. मुलाचं नाव नाही. ते नसतंच, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद होई. पण बापाचं नाव, गाव आणि नाशिकच्या वहीतलं आजोळ, तिन्ही जुळत होतं. आणि प्लेगची आठवणही जुळली, कारण ते प्लेगचे दिवस होतेच.

मग १८९५ चा हिशेब? १८९१ च्या कारखाना कायद्याप्रमाणे नऊ ते चौदा वर्षांच्या मुलाला दिवसाला सात तासांपेक्षा जास्त काम देता येत नसे. १९११ साली पणजोबा तेरा वर्षांचे होते. पूर्ण पाळी आणि पूर्ण पगार हवा तर वय वाढवून सांगायचं, हा तेव्हाचा सरसकट रिवाज. तेरा वर्षांच्या मुलाने सोळा सांगितले आणि मरेपर्यंत ते तीन वर्षं त्याच्या कागदावर राहिले.

आणि ‘वडगाव, ता. कराड’? कारकुनाने विचारलं असेल, गाव कोणतं? वडगाव. तालुका? जिथे जन्म झाला, जिथल्या मारुतीची आण घेतो, जिथून मुंबईची गाडी धरली, तो तालुका त्या मुलाच्या तोंडी आला असेल : कराड. हा माझा अंदाज आहे, पण दुसरं कारण मला दिसत नाही. वडिलांचं गाव खरं, आईचा तालुका खरा, आणि दोन्ही एका ओळीत लिहिल्यावर जो पत्ता तयार झाला तो खोटा. दुर्दैवाने त्या खोट्या पत्त्यावर खरोखरच एक वडगाव होतं. त्या ओसरीवर बाबांना जे ‘न्हाई’ ऐकावं लागलं, त्याचं मूळ या एका ओळीत होतं.

म्हणजे एकही कागद खोटं बोलत नव्हता. गिरणीने पत्ता लिहिला, आजोबांनी कुलदैवत, हेळव्याने घराणं, शपथेत आजोळ. आपण मात्र चौघांना एकच प्रश्न विचारत होतो आणि एकच उत्तर मागत होतो.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही हे दिसतं. महर्षी कर्वे मुरूडचे, पण १८५८ साली जन्मले शेरवलीला, आजोळी. लोकमान्यांच्या घराण्याचं गाव चिखलगाव, जन्म रत्नागिरीत. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, जन्म १८९१ साली महूला, कारण वडील लष्करात होते. त्यांची चरित्रं लिहिली गेली म्हणून आपल्याला दोन्ही गावं ठाऊक आहेत. आपल्या पणजोबांचं चरित्र कोण लिहिणार? म्हणून एक गाव राहतं आणि दुसरं जातं. जातं ते बहुधा आईचं.

दिवाळीनंतर गाडी करून बाबांना मसूरला नेलं. खापरपणजीचं माहेर आता तिथे नाही, घराची जागाही नक्की सांगता येत नाही. पण समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मसूरला आहे. देवळात बाबांना खुर्ची दिली. मी मोबाईलवर नाशिकच्या पानाचा फोटो काढून दाखवला. त्यांनी आजोबांच्या सहीवरून बोट फिरवलं तर फोटो मोठा झाला. ते दचकले, मग हसले, मग पुन्हा मुद्दाम बोट फिरवलं. खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. “आबा खरं बोलत होते,” एवढंच म्हणाले. नारळ या वेळी तिथेच फोडला. येताना वडगावला गेलो. भाऊकीने बाबांना पानाचा पहिला मान दिला.

घरी आल्यावर त्यांनी चुलत आजोबांची वंशावळ मागितली आणि खापरपणजोबांच्या नावाशेजारी, झाडाच्या मोकळ्या जागेत, थरथरत्या हाताने खापरपणजीचं नाव लिहिलं. मग पणजी, आजी, माझी आई. झाडाला आता पानं आल्यासारखी वाटतात.

तुमच्यापैकी कोणाला असा शोध घ्यायचा असेल तर अनुभवाने सांगतो. प्रत्येक कागदाला आधी विचारा, हा कोणी, कशासाठी लिहिला? शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जुना फेरफार, कोतवाल बुक, तीर्थोपाध्यायांची वही, प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कुलदैवत नीट विचारून ठेवा, त्याने गावाची दिशा कळते. घरातल्या शपथा आणि म्हणी टाकाऊ समजू नका. आणि सर्वांत आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, पुरुषांना नंतर.

आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांत किती पाळणे हलले! त्यातल्या बऱ्याच मुलांचे जन्मदाखले दुसऱ्याच शहरांचे आहेत, कारण त्यांच्या आया बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. त्यांची नातवंडं उद्या विचारतील तेव्हा आपल्या स्मरणिकेत त्यांना काही तरी सापडायला हवं. म्हणून मी समितीला विनंती केली की सभासद परिचयात ‘मूळ गाव’शेजारी ‘आजोळ’ असा एक रकाना वाढवावा. छपाईला उशीर होतो म्हणून सेक्रेटरी थोडे कुरकुरले, पण समितीने तो मान्य केला. या अंकाच्या शेवटच्या पानांवर तुम्हाला तो दिसेल. ज्यांनी अजून भरला नसेल त्यांनी घरात विचारून पेनाने लिहून घ्यावा.

आमचा रकाना बाबांनी स्वतः भरला : मूळ गाव वडगाव जयराम स्वामी, ता. खटाव. आजोबांचं आजोळ मसूर, ता. कराड. फॉर्मवर जागा कमी पडली, म्हणून दुसरी ओळ समासात गेली आहे.

– एक सभासद, बी विंग